पोळ्या लाटणाऱ्या हाताचा टेनिस एल्बो

डोंबिवलीत माझं छोटं पोळीभाजी केंद्र आहे. रोज दीडशे-दोनशे पोळ्या होतात. रॅकेट मी जन्मात हातात धरली नाही. तरी दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी कोपराच्या बाहेरच्या हाडावर अंगठा दाबला, मी कळवळले, आणि ते म्हणाले, "टेनिस एल्बो." सचिनच्या २००४ मध्ये कसोट्या हुकल्या आणि पुढच्या वर्षी लंडनला ऑपरेशन करावं लागलं, तेच हे दुखणं. घरात आठवडाभर थट्टा चालली होती.

तुमचं तेच आहे का, हे पाहायचं तर कोपर सरळ ठेवा, तळहात जमिनीकडे करा आणि प्लास्टिकची खुर्ची पाठीला धरून उचलून बघा. बाहेरच्या हाडाशी कळ आली तर बहुधा हेच. कळ कोपराच्या आतल्या बाजूला, म्हणजे बरगड्यांकडच्या हाडाशी असेल तर तो गोल्फर्स एल्बो. त्यात करंगळीला आणि तिच्या शेजारच्या बोटाला मुंग्या येत असतील तर शेजारची नसही दबत असू शकते, ते डॉक्टरांना आवर्जून सांगा.

मला वाटायचं, लाटताना हात खाली दाबतो, मग दुखणं वर का? फिजिओथेरपीच्या मुलीनं समजावलं, "काकू, मूठ घट्ट आवळली की मनगट खाली वाकू नये म्हणून वरचे स्नायू ते धरून ठेवतात, आणि त्यांची दोरी या हाडाला बांधलेली आहे." लाटणं, ओल्या चादरी पिळणं, सांडशीनं पातेलं उतरवणं, सगळं त्याच दोरीवर. जुन्या दोराचे पेड सुटावेत तशी ती महिनोन्‌महिने झिजते. म्हणूनच नणंदेनं तेल चोळून दिलं की तासभर बरं वाटायचं, आणि दुसऱ्या दिवशी कणकेच्या परातीसमोर तेच.

पहिली चूक मी इंजेक्शनची केली. लग्नाची ऑर्डर होती, स्टेरॉइड घेतलं. चार दिवसांत हात हलका झाला आणि मी तीनशे पोळ्या लाटल्या. अडीच महिन्यांनी दुखणं दुपटीनं परत आलं. नंतर कळलं की हे नेहमीचंच आहे: पहिले काही आठवडे आराम, पण वर्षाच्या शेवटी इंजेक्शन न घेतलेले लोक जास्त बरे असतात. स्वतःच्याच रक्ताचं पीआरपी इंजेक्शनही सुचवतात. ते महाग, आणि अभ्यासांत साध्या मिठाच्या पाण्याच्या इंजेक्शनहून फारसं सरस ठरलेलं नाही. मी घेतलं नाही.

उपयोग झाला तो व्यायामाचा. हात टेबलावर ठेवा, मनगट कडेबाहेर, तळहात खाली. मुठीत अर्ध्या लिटरची भरलेली पाण्याची बाटली. दुसऱ्या हातानं मनगट वर उचलून द्या आणि दुखऱ्या हातानं चार-पाच अंक मोजत हळूहळू खाली सोडा. पंधरा वेळा, थोडं थांबून पुन्हा, असं तीनदा, रोज. सुरुवातीला हेही झेपलं नाही, तर बाटली न हलवता मनगट सरळ रेषेत अर्धा मिनिट नुसतं धरायचं. थोडं दुखणारच. दहापैकी तीन-चार इतकं चालतं. दुसऱ्या दिवशी सकाळी जास्त ठणकलं तर वजन कमी. गोल्फर्स एल्बोला हेच, फक्त तळहात वर. सहा ते बारा आठवडे लागतात. तिसऱ्या आठवड्यात मी कंटाळून सोडणार होते.

सोबत कामाची पद्धत बदलली. नुसती विश्रांती घेऊन दोरी मजबूत होत नाही, पण रोज तिला तोडायचीही नाही. जड वस्तू तळहात वर करून, कोपर अंगाशी ठेवून उचलायची. कपडे मशीनच्या ड्रायरमध्ये. लाटण्याला कापड गुंडाळून जाड केलं, मूठ कमी आवळावी लागते. पट्टा बांधायचा तो कोपरावर नाही, दोन बोटं खाली, कामापुरता, रात्री काढून. जेल लावा हवं तर. ठणका कमी होतो, एवढंच.

हे सगळं हळूहळू आलेल्या दुखण्याचं. जड काही उचलताना कोपरात 'कट्ट' झालं, पुढच्या बाजूला काळंनिळं पडलं, तळहात वर वळवताना जोर जाईना, तर दंडाच्या स्नायूची दोरी तुटलेली असू शकते. तिथे आठवडाभरही थांबू नका. कोपर लाल, गरम होऊन ताप आला तरी त्याच दिवशी डॉक्टर गाठा. टेनिस एल्बोचं ऑपरेशन मात्र फार थोड्यांना लागतं. बहुतेकांचं वर्षभरात बरं होतं.

माझ्या हातानं सातव्या आठवड्यात चहाचं पातेलं एकट्यानं उतरवलं. कणीक मळायला आता मशीन आहे. गिऱ्हाईकं म्हणतात पोळी पूर्वीइतकी मऊ नाही. नसेल.