केस, लेसर आणि कपड्यांचा चिमटा: व्यतिकरणाच्या तासाची तयारी

मागच्या वर्षी व्यतिकरण, म्हणजे प्रकाशलहरी एकमेकींत मिसळून उजळ-काळे पट्टे कसे होतात, ते दाखवायला बारावीच्या वर्गासमोर मी लेसर पॉइंटर हातात धरून उभा राहिलो आणि केसाच्या कडांवरून प्रकाश वळल्याने (म्हणजे विवर्तनाने) पडणाऱ्या पट्ट्यांऐवजी मुलांना भिंतीवर नाचणारा एक लाल ठिपका तेवढा दिसला. म्हणून तासाला न्यायच्या वस्तूंच्या यादीत सर्वांत आधी कपडे वाळत घालण्याचा चिमटा लिहावा. तो पॉइंटरच्या बटणावर बसवावा आणि पॉइंटर वह्यांच्या गठ्ठ्यावर टेकवावा, कारण बोटाने बटण दाबून धरले की हात हलतो आणि किरण केसावरून दोन-तीन मिलीमीटर सरकला तरी आकृती नाहीशी होते. हात स्थिर ठेवू, असे मनाशी ठरवून जाऊ नये. तो राहत नाही.

कार्डशीट, मीटरपट्टी, चिकटपट्टी सांगायला नकोच. जादा बटणसेल मात्र घ्यावेत, कारण चिमटा लावल्यावर लेसर सतत चालू राहतो. लेसर लाल, 650 नॅनोमीटरचा आणि एक मिलिवॉटच्या आतला असावा. स्वस्त हिरव्या पॉइंटरवर छापलेल्या मिलिवॉटच्या आकड्यावर विश्वास ठेवू नये. किरण बसलेल्या मुलांच्या डोळ्यांच्या पातळीवर किंवा काचेच्या कपाटाकडे कदापि जाता कामा नये.

केस पुठ्ठ्याच्या खिडकीत उभा ताणून चिकटवावा. तो 0.07 मिलीमीटर जाड असेल, तर 4 मीटरवर लगतच्या काळ्या पट्ट्यांमधले अंतर सुमारे 37 मिलीमीटर येते. हे मोजून मुलांनीच केसाची जाडी काढावी, आणि ते मोजायचे तर पट्टे जागच्या जागी थांबले पाहिजेत, म्हणजे पुन्हा चिमटाच. केसाऐवजी दुहेरी फट, म्हणजे अगदी जवळजवळच्या दोन बारीक चिरा, करण्याच्या खटपटीत वेळ गेला तर खंत नको: प्रकाशाचे व्यतिकरण दाखवणाऱ्या थॉमस यंगने 1803 मध्ये मांडलेल्या प्रयोगातही फटी नव्हत्या, इंचाच्या तिसाव्या भागाएवढ्या रुंदीच्या कार्डाच्या पट्टीने त्याने सूर्यकिरण दुभंगला होता. तरी फटी हव्याच असतील, तर काजळी धरलेल्या काचेवर दोन ब्लेड एकत्र धरून रेघ ओढावी.

सीडीवरच्या बारीक ओळीही किरण असाच फोडून भिंतीवर ठिपके पाडतात. त्या ओळींमध्ये 1.6 मायक्रोमीटर अंतर असते; किरण लंब पडला तर पहिला ठिपका सुमारे 24 अंशांवर जातो, तेव्हा बाजूची भिंत मोकळी हवी. अंधारासाठी झरोक्यांना कागद. व्यतिकरणाचे रंग दाखवणाऱ्या साबणाच्या पडद्यासाठी तारेचे कडे, ग्लिसरीन, फडके. चिमटे दोन घ्यावेत. एकाची स्प्रिंग ऐन वेळी निसटते.