पिंपळाच्या जाळीदार पानाचा बुकमार्क, घरच्या घरी

फेब्रुवारी-मार्चमध्ये जळगाव-भुसावळकडे पिंपळाखाली पिवळ्या पानांचा नुसता सडा पडलेला असतो, तेव्हाच पिशवीभर उचलून आणा. पान अख्खं पाहिजे, अजून चिवट पाहिजे, हातात चुरा होणारं नको. आणि लहानच निवडा, मोठं पान बुकमार्कच्या पट्टीत मावत नाही. बदामाची लाल पानं पण भारी दिसतात, पण ती पुस्तकात दाबून वाळवायची, जाळी काढायला पिंपळच, त्याच्या शिरा दणकट.

जुन्या बादलीत पानं पाण्यात बुडवायची, वर तरंगू नयेत म्हणून ताटली ठेवायची आणि तीनेक आठवडे विसरायचं, फक्त मधून मधून पाणी बदलायचं. पानाचा मऊ भाग कुजतो, शिरा तशाच राहतात. वास मारतो भो, बादली गच्चीवरच ठेवा नाहीतर घरातले तुम्हालाच गच्चीवर पाठवतील. घाई असेल तर धुण्याचा सोडा (खाण्याचा नाही), लिटरभर पाण्यात दोन-तीन चमचे, आणि मंद आचेवर तासभर उकळा, पण भांडं स्टीलचंच, ॲल्युमिनियम सोड्याने खराब होतं. हातात मोजे घाला.

आता खरं काम. पान ताटातल्या पाण्यात पसरवायचं आणि मऊ टूथब्रशने हळूहळू टिपत जायचं, रगडायचं नाही. तपकिरी चोथा सुटत जातो आणि मधल्या शिरेपासून बारीक जाळी उघडी पडते, मग पान उलटवून दुसरी बाजू. टोकाच्या शेपटीला ब्रश लावूच नका, ती बोटानेच, पटकन तुटते.

आपल्याकडच्या उन्हात वाळत घातलं तर पान वळून कडक होतं, म्हणून सावलीतच, पेपरच्या घडीत, वर जाड पुस्तकं ठेवून.

पुठ्ठा विकत आणू नका. लग्नसराईनंतर घरोघरी पत्रिकांचा गठ्ठा पडलेला असतोच, त्यातला मरून नाहीतर गडद निळा कोरा भाग 5 बाय 15 सेंमी कापा (देवाचा फोटो सोडून), जाळी गडद रंगावरच उठून दिसते. फेविकॉल पाण्यात पातळ करून पुठ्ठ्यावर लावा, पानाला नाही, आणि वरून प्लॅस्टिक ठेवून दाबा. लॅमिनेशन करायचं असेल तर झेरॉक्सवाल्याकडे पूर्ण वाळल्यावरच न्या, ओल राहिली तर आत फुगे येतात आणि पान काळं पडतं.

वर भोक पाडून रिबीन लावा, किंवा रावेर-यावलकडचे असाल तर केळीच्या खोडाचं वाळलेलं सालपट ओलं करून चिरा, तीच दोरी, फुकटात.