पेशी आणि बायोमोलेक्यूल्स: परीक्षेआधी काय काय करून ठेवायचं

आज दिवसभरात तीन पोरांनी एकच प्रश्न विचारला, ताई आधी सेल स्ट्रक्चर करू का बायोमोलेक्यूल्स (म्हणजे पेशी ज्यांची बनते ते रेणू), आणि तिघांनाही मी तेच सांगितलं की दोन्ही एकदम करा, म्हणून म्हटलं आता नीट बसून लिहूनच काढते. मी कोथरूडला घरीच अकरावी-बारावीचं बायो घेते आणि दरवर्षी बघते, मुलं हे दोन धडे दोन वेगवेगळ्या वह्यांमध्ये, दोन वेगळ्या आठवड्यांत पाठ करतात. मग पेपरात पेशीभित्तिका कशाची बनलेली असते असं आलं की सेल्युलोज लिहितात, पण सेल्युलोजचा धागा एवढा मजबूत का असतो असं विचारलं की पेन थांबतं.

तर पहिलं काम, सामान जमवा. टेक्स्टबुक, आधीच्या टेस्टचे तपासलेले पेपर, पेन्सिल आणि भरपूर पाठकोरे कागद. अप्पा बळवंत चौकात जाऊन अजून एक गाईड आणायचं नाही, आहे ते पुस्तक पुरतं. स्वयंपाकघरातून दोन बटाटे आणि चमचाभर साबुदाणा, मेडिकलमधून थोडा कापूस, जखमेवर लावायचं पोव्हिडोन आयोडीन आणि ३ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड. हे कशाला ते पुढे सांगते.

दुसरं काम फक्त दहावीपर्यंत मराठी मीडियममध्ये असलेल्यांसाठी, आणि ते पहिल्याच दिवशी अर्ध्या तासात उरकायचं. कागदाला मधोमध घडी घाला, डावीकडे तुमचे जुने शब्द, उजवीकडे नवे. तंतुकणिका आणि मायटोकाँड्रिया, लयकारिका आणि लायसोसोम, रिक्तिका आणि व्हॅक्यूओल, आंतर्द्रव्यजालिका आणि एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलम. जुने शब्द टाकून देऊ नका रे, मनापासून सांगते, ते तुमच्याजवळचं भांडवल आहे. लयकारिका म्हणजे लय करणारी, काम नावातच आलं. आणि मायटोकाँड्रिया हे ग्रीकमधून आलंय, मायटॉस म्हणजे धागा आणि काँड्रिऑन म्हणजे कण, म्हणजे तंतू आणि कणिका, शब्दाला शब्द तोच.

मग कोरा कागद घ्या आणि पुस्तक बंद करून एक वनस्पतीपेशी आणि एक प्राणीपेशी काढा, जेवढं आठवेल तेवढंच. राहिलेलं लाल पेनाने भरा, म्हणजे आपलं कच्चं कुठे आहे ते डोळ्यासमोर येतं. नावं देताना रेघा एकमेकींना छेदू द्यायच्या नाहीत, सगळी लेबल्स एकाच बाजूला एकाखाली एक. माझ्या अकरावीच्या पेपरात आकृती बरोबर असूनही लेबलच्या रेघांचा गुंता झाला म्हणून मार्क गेले होते, ते अजून लक्षात आहे. आता खरा भाग, प्रत्येक अवयवाशेजारी त्याचं काम लिहायच्या आधी तो कोणत्या रेणूंचा बनलाय ते लिहा. पेशीभित्तिकेपाशी सेल्युलोज, पटलापाशी फॉस्फोलिपिड आणि प्रोटीन, प्राणीपेशीत कोलेस्टेरॉलसुद्धा, रायबोसोमपाशी आरएनए आणि प्रोटीन, केंद्रकात डीएनए आणि हिस्टोन नावाची प्रोटीन, हरितलवकात स्टार्चचे कण. एवढं केलंत की दोन धड्यांचा एक धडा झाला.

कार्बोहायड्रेटवर मात्र वेळ घालवा, इथे समजून घेण्यासारखं खूप आहे. दोन ग्लुकोज जोडले की माल्टोज होतो, कागदावर अणू मोजा, १२ कार्बन, २४ हायड्रोजन, १२ ऑक्सिजन आणि त्यातून एक पाणी गेलं की उरतात १२, २२, ११. हे एकदा हाताने केलं की काँडेन्सेशन (पाणी काढून जोडणं) आणि हायड्रॉलिसिस (पाणी घालून तोडणं) कधीच उलटंपालटं होत नाही. मग साबुदाणा आणि कापूस शेजारी ठेवून दोघांवर आयोडीनचा एकेक थेंब टाका. साबुदाणा काळानिळा पडतो, कापूस पिवळट तपकिरीच राहतो, आणि दोन्ही आहेत मात्र ग्लुकोजचेच बनलेले! फरक जोडणीत आहे. स्टार्चमध्ये अल्फा जोडणी, म्हणून साखळी स्प्रिंगसारखी वळते आणि आयोडीन त्या वेटोळ्यात जाऊन बसतं, सेल्युलोजमध्ये बीटा जोडणी, एकाआड एक ग्लुकोज उलटा, म्हणून साखळ्या सरळसोट राहतात, शेजारी शेजारी हायड्रोजन बंधांनी घट्ट बांधल्या जातात. आपल्याला सेल्युलोजमधली ही बीटा जोडणी तोडणारं एन्झाइम नाही, गाईच्या पोटातल्या सूक्ष्मजीवांकडे आहे, म्हणून तिला कडबा चालतो आणि आपल्याला नाही. प्रयोगातलं काहीही तोंडात घालायचं नाही, उचलून कचऱ्यात टाका आणि हात धुवा. टेस्टच्या तक्त्यात बेनेडिक्टला (रिड्यूसिंग साखरेची टेस्ट) विटकरी रंग, बाययुरेटला (प्रोटीनची टेस्ट) जांभळा, आणि सुक्रोज बेनेडिक्ट देत नाही हा हमखास फसवणारा प्रश्न, घरची साखर म्हणजे सुक्रोज, नॉन-रिड्यूसिंग.

लिपिडला जास्त वेळ नको. ग्लिसरॉल एक, फॅटी ॲसिड तीन, एस्टर बंध तीन, तूप थंडीत गोठतं कारण सॅच्युरेटेड जास्त, शेंगदाण्याचं तेल पातळ राहतं कारण अनसॅच्युरेटेड जास्त. फक्त लिपिड पॉलिमर (तेच ते घटक जोडून झालेली लांब साखळी) नाही, हे ठळक लिहून ठेवा.

प्रोटीनमध्ये २० अमायनो ॲसिड, पेप्टाइड बंध आणि रचनेच्या चार पातळ्या. चौथ्या पातळीला उदाहरण हिमोग्लोबिन, दोन अल्फा आणि दोन बीटा साखळ्या. बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक ॲसिडऐवजी व्हॅलिन आलं की सिकलसेल, आणि हा आजार आपल्या विदर्भात किती घरांत आहे ते माहीत असेल तर हे उदाहरण नुसतं पाठ करावंसं वाटणार नाही. कोलॅजेनच्या तीन पदरी वेणीची रचना मद्रासला जी. एन. रामचंद्रन यांनी १९५०च्या दशकात मांडली, हेही माहीत असू द्या. आता एन्झाइमसाठी बटाटा, कच्च्या फोडीवर पेरॉक्साइड टाका, फसाफसा फेस येतो, कारण बटाट्यातलं कॅटलेज पेरॉक्साइड फोडून ऑक्सिजन सोडतं. उकडलेल्या फोडीवर टाका, काहीच नाही. डीनॅच्युरेशनची (प्रोटीनचा आकार मोडून ते निकामी होणं) व्याख्या दहा वेळा घोकण्यापेक्षा हे एकदा बघा. फ्रिजमधल्या थंडीत एन्झाइम मंदावतं पण बिघडत नाही, उष्णतेने आकार मोडतो, हा फरक लिहायला मार्क असतात.

न्यूक्लिक ॲसिडचं गणित सोपं आहे, डीएनएतल्या ए, टी, जी, सी या चार बेसपैकी ए ३० टक्के म्हटलं की टी ३०, राहिले ४०, म्हणून जी २० आणि सी २०. ए-टीमध्ये दोन हायड्रोजन बंध, जी-सीमध्ये तीन. एका वळणाला १० जोड्या, ३.४ नॅनोमीटर.

पेशीच्या अवयवांसाठी तक्ता करू नका, गोष्ट करा, आणि गोष्ट इन्शुलिनची. स्वादुपिंडाच्या बीटा पेशीत केंद्रकातल्या डीएनएवरून एमआरएनए (त्या माहितीची प्रत) तयार झाला, केंद्रकाच्या छिद्रातून बाहेर आला, खडबडीत जालिकेवरच्या रायबोसोमने साखळी विणली, ती जालिकेच्या आत शिरली, छोट्या पिशवीतून गॉल्गी बॉडीकडे गेली, तिथून पुन्हा पिशवीत भरली, काटछाट होऊन ५१ अमायनो ॲसिडचं इन्शुलिन झालं, पिशवी पटलाला चिकटून उघडली आणि माल रक्तात. या सगळ्याला लागणारं एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, बव्हंशी तंतुकणिकेतून. जालिकेकडून गॉल्गीकडे जाणारी ही वाट जॉर्ज पलाडे यांनी स्वादुपिंडाच्याच पेशींमध्ये शोधली, १९७४चं नोबेल त्यांना, क्लॉड आणि लायसोसोम शोधणारे द दुव यांना मिळून मिळालं.

मग फसव्या जागा एका वेगळ्या कागदावर. रायबोसोमचे दोन भाग, ५० आणि ३० मिळून ७०एस, ६० आणि ४० मिळून ८०एस, बेरीज जुळत नाही कारण एस हे वजन नाही, सेंट्रिफ्यूजमध्ये कण किती वेगाने खाली बसतो त्याचं माप आहे. तंतुकणिका आणि हरितलवकात स्वतःचा गोल डीएनए आणि बॅक्टेरियासारखे ७०एस रायबोसोम. सिलियात (पेशीवरच्या केसांसारख्या तंतूंत) सूक्ष्मनलिकांची रचना ९ अधिक २, सेंट्रिओलमध्ये कडेला ९ तिकड्या आणि मध्ये सूक्ष्मनलिका नाहीत. सालांमध्ये हूक आणि पेशी १६६५, ब्राउन आणि केंद्रक १८३१, पेशीसिद्धांताचे श्लायडेन १८३८, श्वान १८३९, फिरशो १८५५, पटलाच्या रचनेचे सिंगर-निकोल्सन १९७२, आणि हूकने बुचात पाहिल्या त्या मेलेल्या पेशींच्या रिकाम्या भिंती होत्या.

मॅग्निफिकेशनची दोन तरी गणितं सोडवा. चित्रात लाल पेशी ३५ मिलिमीटर, खरी ७ मायक्रोमीटर, तर आधी ३५ला १००० ने गुणा, मग ७ ने भागा, ५००० पट. एकक न बदलता भागाकार करणं ही चूक इतकी सगळीकडे दिसते की मी प्रत्येक बॅचला ओरडून सांगते. प्रॅक्टिकलसाठी ऱ्हिओ या शोभेच्या झाडाच्या पानाच्या जांभळ्या बाजूची साल, दाट मिठाच्या पाण्यात टाकल्यावर जांभळा भाग भिंतीपासून आक्रसतो, ते प्लाझ्मोलिसिस. आणि गणेशखिंडीतून बसने जाताना विद्यापीठाकडे नीट बघा, त्या आवारात एनसीसीएस आहे, देशभरातल्या लॅबना प्राण्यांच्या पेशी पुरवणारी संस्था, तुम्ही जे वाचताय ते तिथे रोज कोणीतरी वाढवतंय.

आदल्या संध्याकाळी नवीन काही उघडायचं नाही. कोऱ्या कागदावर परत एकदा दोन्ही पेशी, आणि मग आई, आजी, धाकटा भाऊ, जो मोकळा असेल त्याला इन्शुलिनची गोष्ट मराठीत, न बघता सांगा, जिथे अडखळाल तेवढंच पान उघडा आणि वाचून झालं की झोपा.