कुत्री गाभण आहे का, कसं ओळखायचं

आमच्या चंपीला कुत्रा लागला की मी कॅलेंडरवर त्या तारखेला गोल करते. पुढचा सगळा हिशेब तिथूनच, कारण कुत्री साधारण ६३ दिवसांनी विते. पहिले तीन आठवडे अंगावर काहीच दिसत नाही, उगाच पोट बघत बसू नका.

चौथ्या आठवड्यात तिला आडवी झोपवा आणि सड बघा. गुलाबी, जरा फुगीर, टोकं वर आलेली, भोवतीचे केस विरळ. याच दिवसांत काही जणी खाणं कमी करतात, एखाद्या वेळी ओकतात. चंपी तर दूध-भाकरी नुसती हुंगून निघून जाते. पाचव्या आठवड्यापासून भूक परतते, कंबर भरू लागते.

पण सड फुगले, दूध आलं, ती गोणपाट ओढून कोपऱ्यात अंथरू लागली, तरी खात्री धरू नका. माजानंतर महिना-दोन महिन्यांनी पोटात पिल्लू नसतानाही हे सगळं होतं. चार आठवडे झाले की सोनोग्राफी करा, पिल्लांच्या काळजाची धडधड पडद्यावर दिसते. पिल्लं मोजायची तर ५५ दिवसांनंतरचा एक्स-रे बरा. पोट दाबून चाचपणं डॉक्टरांवरच सोडा, पिल्लांना इजा होऊ शकते.

आणि माजानंतरच्या याच काळात ती मलूल असेल, सारखी पाणी पीत असेल, खालून पू किंवा घाण वासाचा स्राव येत असेल, तर गर्भाशयात पू झालेला असू शकतो. कधी स्राव दिसतही नाही, नुसतं पोट फुगतं. हे जिवावर बेततं, त्याच दिवशी दवाखाना गाठा.