गुळाच्या भावाचा मेल स्पॅममध्ये जातोय?

कोल्हापूरच्या शाहूपुरीतल्या काही गूळवाल्यांचे मेल मी सांभाळतो. नवा भाव कळवला की पुण्या-मुंबईच्या गिऱ्हाइकांचा फोन ठरलेला: "अहो, मेल आलाच नाही." तो आलेला असतो, स्पॅममध्ये पडलेला. जीमेल तिथलं ३० दिवसांनी पुसून टाकतं. म्हणून आधी त्यांना मेल उघडून 'स्पॅम नाही' दाबायला सांगा, आपला पत्ता संपर्कांत जोडायला लावा.

मग आपली बाजू बघा. स्वतःच्या डोमेनवरून (पत्त्यात @ नंतर आपल्याच दुकानाचं नाव) पाठवत असाल तर डीएनएसमध्ये, म्हणजे त्या डोमेनच्या सेटिंगमध्ये, एसपीएफ आणि डीकेआयएम या दोन नोंदी हव्यातच. आपल्या नावानं कुठल्या सर्व्हरनं पाठवायचं ते एसपीएफ ठरवतं. डीकेआयएम मेलवर डिजिटल सही करतं, म्हणजे मेल खरंच आपलाच आहे हे पटतं. स्वतःच्याच जीमेलवर एक मेल पाठवा, तो संगणकावर उघडून तीन टिंबांत 'मूळ दाखवा' निवडा. दोन्हींपुढे 'पास' दिसलं पाहिजे. ते नसेल तर मजकूर कितीही सुधारा, व्यर्थ आहे.

छोट्या केलेल्या लिंका टाकू नका, फसवणारेही त्याच वापरतात. भावपत्रक नुसतं फोटोत नको. "एक किलोचा रवा (छोटी ढेप), सेंद्रिय" असं अक्षरांत लिहा. आणि कुणी "मेल बंद करा" म्हणालं तर नाव त्याच दिवशी काढा. नाहीतर तो स्पॅमचं बटण दाबतो, आणि अशा तक्रारी ०.३ टक्क्यांच्या खाली ठेवा असं गूगल सांगतं.