पाचारण आलंय असं वाटतंय? राजीनामा जरा खिशातच ठेवा

आठ वर्षं शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत सुपरवायझर होतो, आता कोल्हापूरजवळच्या एका छोट्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, पाळक (पास्टर) आहे. तरुण संघातली पोरं सारखी विचारतात, दादा पाचारण, म्हणजे देवानं त्याच्या सेवेला बोलावणं, कळतं कसं, म्हणून एकदाच लिहून टाकतो.

मला काही उजेडबिजेड दिसला नाही. आमच्या गल्लीत एक मयत झाली, पाळकसाहेब बाहेरगावी, मी सेकंड शिफ्ट करून थेट तिथं गेलेलो आणि वडील मंडळींपैकी कुणीतरी म्हणालं तूच प्रार्थना घे. मोबाईलवर बायबलातलं स्तोत्र २३ काढायला गेलो तर बोटाला काळी वाळू, स्क्रीन अंगठाच घेईना, मग पाठ म्हणायला लागलो आणि मृत्युच्छायेच्या दरीपाशी येऊन अडकलो. पुढची ओळ त्या घरातल्या म्हातारीनं म्हटली, जिचा नवरा समोर ठेवलेला होता तिनं. त्या रात्री झोप नाही, त्याच्या पुढच्या रात्री पण नाही.

मग मी काय शहाणपणा केला तर राजीनामा टाईप केला. बायकोला कळलं ते प्रिंट काढायला पेन ड्राइव्ह शोधत होतो तेव्हा. दोन दिवस घरात कोण कुणाशी बोलत नव्हतं, आणि चूक माझीच होती. लग्न झालेलं असेल तर पाचारण एकट्याला आलेलं नसतं राव, भाडं आणि पोरांची फी पण त्यात येते.

पाळकसाहेबांकडं गेलो, वाटलं पाठ थोपटतील. त्यांनी बायबलातल्या १ शमुवेल पुस्तकाचा तिसरा अध्याय वाचायला लावला. शमुवेल हा पोरगा हाक ऐकून तीनदा म्हाताऱ्या याजक एलीकडंच धावला, हाक देवाची आहे ते त्याला कळलं नाही, एलीला कळलं. "तुझा एली कोण?" म्हणाले, आणि सहा महिन्यांची कामं दिली: रविवारची शाळा, उपासनेआधी सतरंज्या, आणि आठवड्यातनं एकदा सीपीआरला, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात, पेशंट भेटायला. सतरंज्यांचं काय नाही, पण सीपीआर जड गेलं. जनरल वॉर्डात काय बोलायचं तेच सुचायचं नाही, नुसता स्टुलावर बसून यायचो. नंतर कळलं की बऱ्याच जणांना तेवढंच पाहिजे असतं, आणि चहा आणून देणारा माणूस. सहा महिन्यांनी पाळकसाहेबांनी मला नाही, आधी बायकोला विचारलं. ती म्हणाली चिडचिड कमी झालीय ह्यांची, पण पगाराचं काय ते सांगा.

पगाराचं उत्तर खरं सांगायचं तर पगार कमीच होतो. बायकोची नोकरी होती म्हणून निभावलं. पाळकाच्या शिक्षणाला ॲडमिशन घ्यायच्या आधी फी कोण भरणार, मंडळी किती देणार, हे तोंडी नको, लेखी घ्या. प्रभू पुरवील हे बरोबर आहे पण विचारायला लाज कशाला. प्रेषित पौल स्वतः तंबू शिवायचा, बायबलात प्रेषितांची कृत्ये १८ मध्ये आहे.

शिक्षणाचं म्हणाल तर पुण्यात बिबवेवाडीला युनियन बिब्लिकल सेमिनरी, म्हणजे पाळकांचं कॉलेज, आहे, मूळची यवतमाळची, १९८३ साली पुण्यात आली. सेरामपूरच्या सिनेटची, म्हणजे धर्मशास्त्राच्या डिग्र्या देणाऱ्या संस्थेची, बी.डी. (बॅचलर ऑफ डिव्हिनिटी) ही पाळकांची नेहमीची डिग्री. मंडळीचं शिफारसपत्र आणि स्वतःची लिहिलेली साक्ष, म्हणजे आपल्या विश्वासाची हकीकत, लागते, साक्षीत चमत्कार घालू नका, झालं तसं लिहा. माझा घोळ इंग्लिशचा झाला. शाळा मराठी मीडियम, बी.कॉम. गाईडवर केलेलं, आणि इथं नव्या कराराची ग्रीक शिकवायचं इंग्लिशमधनं. पहिल्या ग्रीक टेस्टला गचकलो. मग एक युक्ती सापडली, मराठीत विभक्ती आहेतच की, राम रामाला रामाने, तसाच ग्रीक नाम बदलतो. इंग्लिशवाल्यांना हे कळायला वेळ लागायचा, मला दोन दिवस पुरले. नोकरी सोडता येत नसेल तर बंगळूरच्या टाफ्टी या संस्थेचे धर्मशास्त्राचे कोर्स बघा, घरी अभ्यास करायचा आणि गटात बसून चर्चा, सेवा करायला डिग्री लागतेच असं नाही.

कॅथोलिक असाल तर रस्ता वेगळा आणि लांबचा. फादर व्हायचं तर तत्त्वज्ञान आणि धर्मशास्त्र मिळून किमान ६ वर्षं, सिस्टर व्हायचं तर नोव्हिशिएट (व्रतांआधीचा शिकाऊ काळ) किमान १२ महिने, मग निदान ३ वर्षं तात्पुरती व्रतं आणि त्यानंतर कायमची. मला हे आवडतं, खरं सांगतो. आमच्या प्रोटेस्टंटांत एका रविवारी जोश आला की पुढच्या रविवारी बॅनर छापणारे पण आहेत.

राजीनामा शेवटी दीड वर्षानं दिला, तीच फाईल, फक्त तारीख बदलून. सोमवारी मला सुट्टी असते, कधीकधी शिरोलीला जुन्या टपरीवर चहाला जातो. तिथं सगळे "ए फादर" म्हणून हाक मारतात, सांगून दमलो की आमच्यात फादर नसतात. परवा मोल्डिंगचा एक जण, देवळात जाणारा माणूस, कंपनीची बस सुटायच्या आधी घाईघाईनं बाजूला घेऊन म्हणाला, पोरीची दहावी हाय, गणित कच्चं हाय, तेवढं बघा. मी तिथंच उभ्या उभ्या प्रार्थना केली, बसवाला हॉर्न मारत होता.