लाईन कापण्याचा मेसेज आला? खऱ्यासारख्या खोट्या मेसेजशी कसं वागावं

मे महिन्यातली संध्याकाळ. नागपुरात मानेवाडा रोडला आमच्या शेजारी राहणाऱ्या काकू फोन हातात धरून फाटकाशी आल्या. "अरे भाऊ, पाहून दे ना जरा. रात्री साडेनऊला लाईन कापतो म्हणते हे लोकं. बिल तर भरलं ना मी!"

मेसेज मी दोनदा वाचला. स्वच्छ मराठी, एकही चूक नाही. काकांचं पूर्ण नाव होतं, आमच्या लेआउटचं नाव होतं. खाली 'वीज अधिकारी' म्हणून एक मोबाईल नंबर. दिवसभर पारा पंचेचाळिशीला टेकलेला, घरात गुडघ्याचं ऑपरेशन झालेले काका. कूलर बंद पडला तर रात्र कशी काढायची, या धास्तीनं काकूंनी त्या नंबरवर फोन केलाही होता. पलीकडचा माणूस अतिशय आदबीनं बोलला. फक्त १० रुपये भरा, बिल अपडेट होतं, त्यासाठी एक ॲप पाठवतो. ते ॲप डाउनलोडही झालं होतं, पण या ठिकाणाहून ॲप टाकायला परवानगी नाही म्हणून फोन अडून बसला होता. ती परवानगी कशी द्यायची, हे विचारायला काकू माझ्याकडे आल्या होत्या.

त्या दिवशी मी घरी नसतो तर, हा विचार आजही मला बेचैन करतो. अशी ॲप्स सर्वात आधी एसएमएस वाचण्याची परवानगी मागतात. ती मिळाली की बँकेचा प्रत्येक ओटीपी आपल्याआधी चोराच्या हातात. काही ॲप्समध्ये तर आपली अख्खी स्क्रीन पलीकडे दिसते. १० रुपये भरताना टाकलेला कार्ड नंबर आणि पिन तिथूनच उचलला जातो.

खोटा मेसेज भाषेवरून ओळखा, स्पेलिंगच्या चुका पाहा, असं इतकी वर्षं आपण घरच्यांना सांगत आलो. तो सल्ला आता विसरा. कोणतीही भाषा सफाईनं लिहून देणारी साधनं आज कोणालाही फुकट मिळतात, आणि आपलं नाव, गाडीचा नंबर, पत्ता कुठून कुठून फुटलेल्या याद्यांमध्ये फिरत असतो. त्यामुळे मेसेज खरा वाटतो की खोटा, या वादातच पडू नका. मेसेजमध्ये दिलेल्या नंबरवर आणि लिंकवर जायचंच नाही, काम असेल तर आपल्याला आधीपासून माहीत असलेल्या वाटेनं जायचं. मेसेज अगदी खरा असला तरी या सवयीनं आपलं काही बिघडत नाही. बिल दोन मिनिटं उशिरा भरलं जाईल, इतकंच.

पहिलं काम: फोन खाली ठेवा

'आज रात्री', '२४ तासांत', 'ताबडतोब' हे शब्द दिसले की फोन टेबलावर उलटा ठेवा आणि उठून पाणी प्या. हे मी मनापासून सांगतोय. या मेसेजमधला सगळा जोर घाईवर असतो. माणूस घाबरला की विचारायला थांबत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक आहे.

ही घाई किती खोटी असते तेही बघा. वीज कायदा २००३ च्या कलम ५६ नुसार थकबाकीसाठी वीज तोडण्याआधी ग्राहकाला पूर्ण १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. संध्याकाळी मेसेज आणि साडेनऊला लाईन बंद, असं कायद्यात बसतच नाही. काकूंना एवढं एक वाक्य आधी माहीत असतं तर फोन लावायची वेळच आली नसती.

पाठवणारा कोण ते बघा, पण फक्त नापास करण्यासाठी

बँका, महावितरण, सरकारी खाती यांचे एसएमएस साध्या दहा आकडी मोबाईल नंबरवरून येत नाहीत. त्यांचं नोंदणी केलेलं छोटं नाव असतं, त्याला हेडर म्हणतात. महावितरणचे मेसेज 'व्हीएम-एमएसईडीसीएल', 'एएम-एमएसईडीसीएल' अशा नावांनी येतात. २०२५ पासून ट्राय या दूरसंचार नियामकाच्या नियमानं हेडरच्या शेवटी एक अक्षरही लागतं: जाहिरातीला पी, सेवेच्या मेसेजला एस, व्यवहाराला टी, सरकारी मेसेजला जी. कर्ज देतो, बक्षीस लागलं असं सांगणाऱ्या मेसेजला शेवटी पी दिसला, तर ती जाहिरात आहे हे तिथंच कळतं.

म्हणजे 'बँक' म्हणवणारा मेसेज साध्या मोबाईल नंबरवरून आला की नापास, विषय संपला. पण हेडर बरोबर दिसलं म्हणून पास करू नका, कारण हेडरचाही गैरवापर झालेला आहे. व्हॉट्सॲपवरचा लोगो आणि 'अधिकारी' असं लिहिलेला डीपी तर कोणीही लावू शकतं, त्याला काडीची किंमत देऊ नका.

आपल्या वाटेनं खात्री करा

विजेचं बिल. मागच्या बिलावर १२ आकडी ग्राहक क्रमांक असतो. महावितरणचं ॲप प्ले स्टोअरमधून स्वतः शोधून घ्या किंवा महाडिस्कॉम डॉट इन हा पत्ता स्वतः टाईप करा, ग्राहक क्रमांक घाला. थकबाकी असेल तर तिथं दिसेल. फोनच करायचा असेल तर १९१२ किंवा १८००-२३३-३४३५.

गाडीचं चलान. हेल्मेट नसल्याचा, सिग्नल तोडल्याचा मेसेज आपल्याला सहज पटतो, कारण व्हरायटी चौकात खरंच कधीतरी घाईनं गाडी काढलेली असते. व्हॉट्सॲपवर 'आरटीओ चलान' नावाची एपीके फाईल येते, त्यात आपल्याच गाडीचा नंबर. चलान कधीच ॲपच्या फाईलच्या रूपात येत नाही. लिंकमध्ये महाट्रॅफिकचलान असं काही वाचलं तरी त्यावर टिचकी मारू नका, कारण खरा पत्ता थोडा वेगळा आहे: महाट्रॅफिक-ईचलान हे शब्द जोडून, शेवटी जीओव्ही डॉट इन. एका अक्षराचा फरक डोळ्यांना दिसतही नाही. म्हणून गाडीचा नंबर आणि चॅसिस नंबरचे शेवटचे आकडे घेऊन सरकारी संकेतस्थळावर आपण होऊन जा.

पार्सल. 'तुमचा पत्ता अपूर्ण आहे, लिंकवर दुरुस्त करा, नाहीतर पार्सल परत जाईल.' पत्ता दुरुस्त करा असा मेसेज टपाल खातं पाठवत नाही, हे सरकारनं जाहीर केलेलं आहे. खऱ्या स्पीड पोस्टला १३ जागांचा क्रमांक असतो: सुरुवातीला दोन अक्षरं, मध्ये ९ आकडे, शेवटी आयएन. तो क्रमांक नसेल तर स्पीड पोस्टचं पार्सलही नाही. दिवाळीच्या आसपास, घरात चार ऑर्डरी चालू असताना हा मेसेज फार फसवतो.

बँकेचं केवायसी. बँकेच्या ॲपमध्ये जा, नाहीतर सरळ शाखेत जा. रिझर्व्ह बँकेच्या आदेशानं बँकांची संकेतस्थळं २०२५ मध्ये 'बँक डॉट इन' या शेपटीवर आली आहेत. पत्ता नेहमी शेवटाकडून वाचा. सुरुवातीला बँकेचं नाव कोणीही लिहू शकतं, खरी ओळख शेवटच्या तुकड्यात असते.

आणि आता ज्याची मला सगळ्यात जास्त काळजी वाटते तो प्रकार. आधी मेसेज येतो, 'तुमच्या खात्यात २५,००० रुपये जमा.' अगदी बँकेसारखी मांडणी. पाठोपाठ फोन: "काकाजी, बाबांचे मित्र ना तुम्ही? चुकून एक शून्य जास्त पडला. दवाखान्यात आहो, तेवढे परत टाका ना जी." आपल्या लोकांचा जीव मऊ. दवाखाना म्हटलं की हात आपोआप खिशाकडे जातो. पण तो मेसेज साध्या मोबाईलवरून टाईप करून पाठवलेला असतो. खात्यात एक रुपयाही आलेला नसतो. अशा वेळी एसएमएस पाहू नका, बँकेच्या ॲपमध्ये शिल्लक पाहा. खरोखर पैसे आलेले दिसले, तरीही स्वतः परत पाठवू नका. बँकेला कळवा, परत करायचं ते बँक करेल. यूपीआयचा पिन पैसे देण्यासाठी लागतो, घेण्यासाठी कधीच लागत नाही, हेही घरात सगळ्यांना पाठ असू द्या.

फोनची बांधबंदिस्ती

हे एकदा रविवारी बसून करा, आईवडिलांच्या फोनवर आधी. सेटिंग्जमध्ये 'इन्स्टॉल अननोन ॲप्स' शोधा आणि तिथं व्हॉट्सॲप, क्रोम, फाईल्स या सगळ्यांना बंद करा. काकूंना वाचवलं ते याच कुलपानं. मग 'परमिशन मॅनेजर'मध्ये एसएमएस उघडून कोणाकोणाला मेसेज वाचता येतात ते बघा. टॉर्चच्या नाहीतर कॅलेंडरच्या ॲपला एसएमएस कशाला हवेत? काढून टाका. मेसेजेस ॲपमधलं स्पॅम संरक्षण चालू करा. आयफोनमध्ये अनोळखी नंबरांचे मेसेज वेगळे ठेवण्याची सोय आहे, ती वापरा.

आणखी एक, माझ्या मते सगळ्यात उपयोगाचं. पेन्शनचं किंवा एफडीचं खातं यूपीआयला जोडू नका. भाजी-किराण्यापुरतं वेगळं खातं ठेवा, त्यात चार-पाच हजार असले म्हणजे पुरे.

तक्रार कुठं करायची

नुसत्या जाहिराती नको असतील तर १९०९ वर डीएनडी, म्हणजे जाहिराती थांबवण्याची सोय, घ्या. डीएनडी असूनही मेसेज आला तर आपल्या सिमच्या कंपनीच्या ॲपवर किंवा ट्रायच्या डीएनडी ॲपवर ७ दिवसांच्या आत तक्रार नोंदवा. पण चोर डीएनडीला जुमानत नाही. फसवणुकीचा संशय असलेला मेसेज, पैसे गेले नसले तरी, दूरसंचार खात्याच्या संचार साथी या संकेतस्थळावरच्या 'चक्षु'मध्ये टाका. ही सोय मार्च २०२४ पासून आहे, आता संचार साथीचं ॲपही आहे. काकूंचा तो मेसेज आम्ही ओट्यावर बसूनच तिथं टाकला. दोन-तीन मिनिटं लागली. स्क्रीनशॉट काढल्याशिवाय मेसेज डिलीट मात्र करू नका.

टिचकी मारलीच असेल तर

नुसती लिंक उघडली, काही भरलं नाही, काही डाउनलोड केलं नाही, तर पान बंद करा आणि पुढचे काही दिवस खात्यावर लक्ष ठेवा. बहुतेक वेळा तेवढ्यावर निभावतं.

ॲप टाकलं गेलं असेल तर आधी फोन एरोप्लेन मोडवर, वायफायही बंद. सिम काढून दुसऱ्या साध्या फोनमध्ये घाला, म्हणजे ओटीपी चोराकडे जाणार नाहीत. कॉल फॉरवर्डिंग चालू झालंय का तेही बघा. घरातल्या दुसऱ्या फोनवरून बँकेला फोन करा, नंबर पासबुकावरचा किंवा कार्डाच्या मागचा घ्या. गूगलवर शोधलेला कस्टमर केअर नंबर घेऊ नका, तिथंही हेच लोक बसलेले असतात. यूपीआय, नेटबँकिंग, कार्ड सगळं बंद करायला सांगा. फोन फॅक्टरी रीसेट केल्याशिवाय पुन्हा बँकेसाठी वापरू नका, पण रीसेटच्या आधी पुरावे जपा.

पैसे गेले असतील तर त्याच मिनिटाला १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला फोन. तक्रार नोंदली की पैसे ज्या खात्यात गेले ती बँक शोधून तिथं ते अडवण्याचा प्रयत्न होतो. चोर मात्र ते पैसे मिनिटामिनिटाला एका खात्यातून दुसऱ्यात हलवत असतो, म्हणून सकाळी बघू म्हणायचं नाही. फोन करताना खाते क्रमांक, व्यवहाराचा क्रमांक, रक्कम आणि वेळ समोर ठेवा. मिळालेला तक्रार क्रमांक लिहून घ्या आणि सायबरक्राईम डॉट जीओव्ही डॉट इन वर पूर्ण तक्रार भरा. पोलीस ठाण्यात जाताना बँकेचं स्टेटमेंट आणि स्क्रीनशॉट छापून न्या.

बँकेला लेखी कळवायलाही उशीर करू नका. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकात म्हटलंय, की ग्राहकाच्या चुकीनं पैसे गेले तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. आपली काहीच चूक नसेल आणि दोष बाहेरच्या कोणाचा असेल, तर ३ कामकाजाच्या दिवसांत कळवल्यास आपल्यावर बोजा येत नाही.

हा वेळ सगळ्यात जास्त वाया जातो तो लाजेपायी. मुलगा रागावेल, सून काय म्हणेल म्हणून म्हातारी माणसं दोन-दोन दिवस सांगत नाहीत. तुमच्या घरात असं झालं तर पहिलं वाक्य "काऊन केलं असं?" हे नसावं. "बरं झालं सांगितलं, चला फोन लावू" म्हणा. बाकीचं नंतर.

काकूंनी त्याच रात्री एका जुन्या लग्नपत्रिकेच्या मागच्या बाजूला ठळक आकड्यांत तीन नंबर लिहून फ्रिजवर चिकटवले: १९३०, १९१२ आणि पासबुकावरचा बँकेचा नंबर. परवा गेलो तेव्हा तिथं चौथा नंबर दिसला. माझा. त्यापुढं कंसात लिहिलं होतं, 'आधी याला विचारणे.'